अंगणवाडी बंद पडली तर नक्की कुणाचं अडतं?

कडुलिंब (धागाकर्ती)

आमच्या गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीला लागून एक खोली आहे. तिथे अंगणवाडी भरते. गाव चांगलं वाढलंय, पण अजून ग्रामपंचायतच आहे. खोली खाजगी, आणि सात महिन्यांचं भाडं वरून आलेलं नाही. घरमालकाने परवा सेविकाताईंना सांगितलं, महिनाअखेर खोली मोकळी करा. मालक काही वाईट माणूस नाही. सात महिने थांबला हेच खूप.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय निघाला आणि बहुतेकांचा सूर एकच होता: बंद झाली तर झाली, आजकाल तिथे पाठवतं कोण, सगळी पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीतून जातात. मला काही बोलता आलं नाही, कारण माझीही दोन्ही मुलं नर्सरीतच गेली. अंगणवाडीची पायरी मी फक्त पोलिओच्या डोसाला चढले.

पण आमच्याकडे भांड्यांना येतात त्या मावशींची नात तिथे जाते. त्या सहज म्हणाल्या, "ती बंद झाली तर पोरीला काखेत घेऊन यावं लागंल, आन् मग दोन घरं सोडावी लागतील." दोन घरं म्हणजे त्यांचं महिन्याचं किराणा-सामान.

तर प्रश्न असा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर सरकारने पैसा घालावा का, आणि घालायचा तर तो असा गळतो कुठे? ज्यांना आतून माहीत आहे त्यांनी लिहावं. नुसती सरकारला शिवीगाळ नको, ती ग्रुपवर भरपूर झाली.

बिनसाखरेचा

कुणाचं अडतं? निवडणूक आयोगाचं. अंगणवाडी नसेल तर बीएलओ, म्हणजे मतदार याद्या करणाऱ्या बाया, कुठून आणणार? (हलके घ्या.)

रातकिडा

वाचतोय.

उघडंच_बोलतो

मी विरोधात लिहितो, कारण कुणीतरी लिहायला हवं.

अंगणवाडी ही शाळा नाही, खिचडी केंद्र आहे. आमच्या गावात अकरा वाजता मुलं येतात, साडेअकराला ताट, बाराला घरी. घरपोच आहाराची पाकिटं मी स्वतः शेळीपुढे ओतलेली पाहिली आहेत, आणि शेळीसुद्धा फार खूश दिसत नव्हती. ज्या बापाला परवडतं तो पाचशे-हजार देऊन खाजगी बालवाडीत घालतो. म्हणजे लोकांनी पायांनी मतदान केलंय. मग ज्यांना गरज आहे त्यांच्या खात्यात थेट पैसे टाका आणि हा डोलारा आवरा. भाडं थकलं म्हणून रडण्यापेक्षा, सात महिने कुणाला जाणवलं नाही याचा अर्थ काय ते बघा.

रजिस्टर_नंबर_चार

मी पर्यवेक्षिका होते, आमच्या भाषेत मुख्यसेविका. एकवीस वर्षं बीट, म्हणजे अंगणवाड्यांचा एक गट, सांभाळलं, आता निवृत्त. त्यामुळे उघडंच_बोलतो यांच्या शेळीशी माझी जुनी ओळख आहे. तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पाकीटबंद सुकडी पोरं खात नाहीत, चव मातीसारखी लागते, हे आम्ही अहवालात लिहून लिहून थकलो.

पण "सात महिने कुणाला जाणवलं नाही" हे मात्र चूक. कडुलिंबताई, तुमच्या सेविकाताईंना विचारा. त्यांनी मधल्या काळात मालकाला आपल्या मानधनातून दोन-तीन महिन्यांचं भाडं दिलेलं असणार. पैज लावते.

आमच्या खात्यात केंद्राला टाळं कुणी लावत नाही. टाळं लावलं की पेपरात येतं. कपात होते ती अशी: भाडं उशिरा, आहाराचं बिल उशिरा, तीन वर्षांत खेळण्यांचा संच नाही, मदतनीस निवृत्त झाली की जागा रिकामी. प्रत्येक गोष्ट इतकी बारीक की तक्रार करायची तर आपल्यालाच लाज वाटावी. आणि मग त्या बाईने काय करावं? झाडू मारावा, पाणी भरावं, अकरा रजिस्टरं लिहावीत, वजनं घ्यावीत, गरोदर बायकांच्या घरी जावं, लसीकरणाला लेकरं गोळा करावीत, मतदार याद्या कराव्यात. या सगळ्यातून जो वेळ उरतो त्यात "शिक्षण". तो उरत नाही. म्हणून तुम्हाला खिचडी केंद्र दिसतं. तुमचं निदान बरोबर आहे साहेब, औषध उलटं आहे.

अर्धा_कप

@रजिस्टर_नंबर_चार, तुमच्या नावामागची गोष्ट सांगा की.

रजिस्टर_नंबर_चार

पूर्वशालेय शिक्षणाचं रजिस्टर. तपासणीला कधीच कुणी मागितलं नाही. आहाराचं मागायचे, साठ्याचं मागायचे. हे एकटं कोरं करकरीत.

दशांश_चिन्ह

आकड्यांचं थोडं बोलतो, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खाली सरकावं.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ प्रकल्पांपासून. आज एकट्या महाराष्ट्रात लाखावर केंद्रं आहेत. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद आधीच्या वर्षीच्या १८ हजार कोटींवरून ८ हजार ३०० कोटींच्या आसपास आणली होती. कारण सांगितलं गेलं ते असं की चौदाव्या वित्त आयोगाने करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केलाय, आता राज्यांनी बघावं. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनीच या कपातीवर उघड नाराजी दाखवली होती. पुढे पुरवणी मागण्यांतून बरीच भर घातली गेली. पण तुम्हीच विचार करा, वर्षाच्या सुरुवातीला निम्मे पैसे आणि उरलेले दिवाळीनंतर, असं घर चालतं का?

अलीकडची गंमत वेगळी आहे. ही योजना आता ज्यात मोडते त्या सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० ची तरतूद २०२१-२२ ला २०,१०५ कोटी, २०२५-२६ ला २१,९६० कोटी. भाषणात "वाढ" म्हणता येते. चार वर्षांत नऊ टक्के. या चार वर्षांत किराणा नऊच टक्क्यांनी वाढला असं ज्याला वाटतं त्याने आपला वाणी मला सांगावा.

बिनसाखरेचा

दशांशराव, वाण्याचा पत्ता मिळाला तर मलाही कळवा.

चुलीपाशी

मी बचत गटात आहे. आम्ही दोन अंगणवाड्यांचा आहार शिजवून देतो. लिहायची सवय नाही, मुलगा टाइप करून देतोय, सांभाळून घ्या.

एका लेकराला दिवसाला आठ रुपये. हा आकडा २०१७ चा, त्याआधी सहा होते. आठ रुपयांत सकाळचा नाश्ता, दुपारचा गरम आहार, तेल-मीठ-हळद, गॅस आणि आमची मजुरी. आमच्या एका केंद्रात २८ लेकरं पटावर. सगळी आली तर २२४ रुपये. पाऊस लागला आणि सोळाच आली तर १२८. पण भगुणं चुलीवर चढवायचं ते चढवायचंच, गॅस काही सोळा लेकरांपुरता कमी जळत नाही.

बिल चार-चार महिन्यांनी निघतं. तोवर किराणा उधारीवर. दुकानदार आधी तूरडाळ द्यायचा. मग म्हणाला मसूर न्या. मग म्हणाला काकू, आता मटकीच घ्या, तीही मागच्या वर्षीची आहे. उसळीत पाणी किती घालायचं ते बिल कधी निघालं त्यावर ठरतं. हे मी लपवत नाही. पातळ उसळ आम्हाला दिसत नाही का? दिसते. एक बारकी पोरगी वाटी तिरकी करून बघते खाली किती दाणे आहेत. ती मोजायला अशीच शिकली म्हणायचं.

शेवगा आमच्या दारात आहे, पाला फुकट घालतो. त्याचं बिल कुठं लावत नाही.

पानपुडा

@चुलीपाशी, तुमच्या मुलाला सांगा छान टाइप करतो. वाटी तिरकी करणारी पोरगी डोक्यातून जाईना.

उघडंच_बोलतो

चुलीपाशी काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुमचं म्हणणं माझ्याच बाजूचं आहे. आठ रुपये आणि चार महिन्यांनी बिल, अशी योजना चालवण्यापेक्षा ते आठ रुपये थेट आईला द्या.

चुलीपाशी

द्या की. आठ रुपयांत आई काय आणंल? बिस्किटचा पुडा. तोही पाचाचा, वर तीन उरतील.

दशांश_चिन्ह

उघडंच_बोलतो यांच्या मूळ मुद्द्याकडे येतो, पैसा घालून उपयोग होतो का.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं, निम्म्यांना उत्तम पूर्वशालेय शिक्षण, निम्म्यांना काही नाही. मग ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. शिकलेल्या गटाचं शिक्षण, कमाई, तुरुंगवारी, सगळ्यात फरक पडला. नोबेल मिळवलेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी हिशेब मांडला, घातलेल्या पैशावर वर्षाला ७ ते १० टक्के परतावा.

उघडंच_बोलतो

१२३ मुलं. मिशिगन. प्रशिक्षित शिक्षक, घरी भेटी, भरपूर पैसा. याचा आणि हिंगोली जिल्ह्यातल्या गळक्या पत्र्याच्या खोलीचा संबंध? तुम्ही मर्सिडीजची चाचणी दाखवून मला सहा आसनी रिक्षा विकताय.

दशांश_चिन्ह

रिक्षाची उपमा आवडली, म्हणून रिक्षाचीच चाचणी देतो. तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ६४० अंगणवाड्यांवर प्रयोग केला. चिठ्ठी टाकावी तशी निवडलेल्या निम्म्या केंद्रांत एक जादा अर्धवेळ बाई दिली, काम एकच, मुलांना शिकवायचं. बाकी सगळं तेच. तीच खोली, तोच आहार. दीड वर्षाने पाहिलं तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झालेला, गणित आणि भाषेत मुलं स्पष्ट पुढे, आणि गंमत म्हणजे खुजेपणा आणि कुपोषणही कमी. कारण जुन्या सेविकेला आरोग्य-आहाराकडे बघायला वेळ मिळाला. संशोधकांच्या अंदाजाने फायदा खर्चाच्या १३ ते २१ पट.

म्हणजे रजिस्टर_नंबर_चार ताई जे वर म्हणाल्या तेच. तो "उरलेला वेळ" विकत घ्यायला फार पैसे लागत नाहीत.

उघडंच_बोलतो

हे वाचलं नव्हतं. बघतो. (माघार नाही, फक्त बघतो म्हणालो.)

अर्धा_कप

स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

फडकरी

मी बीड जिल्ह्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मीही कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, वाढलो, म्हणून लिहितोय.

पहिलीच्या वर्गात पहिल्या आठवड्यातच कळतं कोण अंगणवाडीत बसून आलंय. अक्षरं येतात म्हणून नव्हे, अक्षरं कुणालाच येत नसतात. पण ते लेकरू गोलात बसतं. आपली पाळी येईपर्यंत थांबतं. नाव विचारलं तर नाव सांगतं. मुतायला जायचं असलं तर बोट वर करतं. हे ज्याला येतं त्याला जूनमध्ये पाटी देता येते. ज्याला येत नाही त्याचे दिवाळीपर्यंतचे दिवस यातच जातात, आणि दिवाळी झाली की आमच्याकडं टोळ्या निघतात. म्हणजे त्याचं वर्ष गेलंच.

फडावरून आलेली लेकरं ढ नसतात, हे लिहून ठेवतो. पाच वर्षांचं पोरगं बैलाचे दात बघून वय सांगतं. मोळी कशी बांधायची, ट्रॉलीत वाढं कुठं ठेवायचं, सगळं पाठ. पण वर्गाचं दार लावलं की रडतं. चार भिंतींच्या आत इतकी माणसं त्यानं पाहिलेलीच नसतात.

आता ज्या लेकराचं नाव इथल्या अंगणवाडीत आहे ते नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात असतं. इथल्या पटावर गैरहजर, तिथल्या पटावर नावच नाही. पटसंख्या कमी दिसली की वरून विचारणा: हे केंद्र चालू ठेवायची गरज काय? उघडंच_बोलतो, पायांनी मतदान म्हणालात ना. आमच्याकडच्या लेकरांचे पाय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातात, ते मतदान मोजताना जरा बघून मोजा.

रातकिडा

फडकरी सर, __/\__

उघडंच_बोलतो

मान्य. तो शब्द मागे घेतो.

अर्धा_कप

दुसरा स्क्रीनशॉट.

पानपुडा

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

"अंगणवाडी" हा शब्द आणि कल्पना दिल्लीहून आलेली नाही, ती आपल्या डहाणूकडची आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथूनच त्यांच्याबरोबर. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी बालवाडी उचलून पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात. १९५७ ला केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं गुरांमागे रानात जातात म्हटल्यावर शाळाही कुरणात नेली, ती कुरणशाळा. माँटेसोरीची महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून शंख-शिंपले, बिया, बांबू, मातीची खेळणी. ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण मिळालं.

माझी आजी त्या भागात काही महिने शिक्षणाला होती. ती सांगायची, पहिलं काम मुलांचे नाक पुसणं, नखं कापणं आणि केस विंचरणं. सकाळचा अर्धा वेळ त्यातच जायचा, आणि अनुताई त्याला वेळ वाया गेला असं कधी म्हणायच्या नाहीत. आज हे कुठल्या रजिस्टरमध्ये बसवणार?

रजिस्टर_नंबर_चार

कुठल्याच नाही. ॲपमध्येही रकाना नाही.

नेटवर्क_शोधतोय

ॲपचं नाव काढलं म्हणून लिवतो. मी मेळघाटातला, धारणीकडचा. महाराष्ट्रात ही योजना जिथं पयल्यांदा आली तो आमचा धारणी तालुका, मोठं कौतुक. आता पोषण ट्रॅकरवर लाभार्थ्याचा चेहरा दाखवल्याबिगर घरपोच आहार नाही, जुलै २०२५ पासून. आई मजुरीले गेली, आजी पाकीट घ्याले आली, तर चेहरा जुळत नाही. नेटवर्कसाठी आमची सेविकाबाई टेकडावर चढते, मांगून सहा बाया अन् तेवढीच लेकरं. काहून बाप्पा, लेकरू कुपोषित हाय हे पायले कॅमेरा लागते का? दंडाले हात लावला की समजते.

२०२१ मधी तर सेविकायनं सरकारी मोबाइल वापस केले होते, इतके निकामी होते. मांग अॅप इंग्रजीत. म्हणजे पैसा नाही असं नाही, तो कुठं जाते ते पाहा.

बिनसाखरेचा

टेकडावरची अंगणवाडी. ताराबाई खूश झाल्या असत्या.

धुक्यातला_कोल्हापूरकर

इंग्लंडमधून लिहितोय. आमची मोठी इथेच जन्मली. तेव्हा आम्ही नवीन, सौ.ला इंग्रजी जेमतेम, कुणी ओळखीचं नाही. हेल्थ व्हिजिटर बाईने जवळच्या चिल्ड्रन्स सेंटरचा पत्ता दिला. बाळाचं वजन, बायकांच्या गप्पा, खेळणी, सगळं फुकट. सौ. म्हणाली, अरे ही तर अंगणवाडीच, फक्त हीटर लावलेली. धाकट्याच्या वेळेपर्यंत ते केंद्र बंद. इमारत होती, फलक होता, आत कुणी नाही.

इथल्या योजनेचं नाव शुअर स्टार्ट, १९९९ ला सुरू झाली. २०१० नंतर काटकसर आली आणि पुढच्या वर्षांत तिचा निधी दोन-तृतीयांशाहून जास्त घटला. मग २०२४ ला इथल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेचा अभ्यास आला, की जी गरीब मुलं सुरुवातीच्या केंद्रांच्या जवळ वाढली त्यांना सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत एकूण तीन ग्रेडइतका फायदा झाला. गंमत बघा, हा परिणाम भरपूर पैसे मिळालेल्या पहिल्या केंद्रांचाच. नंतर जी केंद्रं पैसा पातळ पसरून काढली त्यांचा तसा परिणाम सापडला नाही. चुलीपाशी काकूंच्या उसळीसारखंच झालं.

निकाल कळायला पंचवीस वर्षं लागली आणि बंद करायला एक अर्थसंकल्प पुरला. असो, आमचा धाकटा खाजगीत गेला, महिन्याचा खर्च सांगितला तर तुम्ही धागा सोडून पळाल.

पुढची_तारीख

वकिली सवयीने दोन गोष्टी. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयाचा. सहाच्या खालच्यांसाठी सरकार "व्यवस्था करू शकेल", एवढंच. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, म्हणजे कोर्टात जाऊन हक्काने मागता येत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत सगळ्यांना पूर्वप्राथमिक शिक्षण असं लिहिलंय. धोरण म्हणजे कायदा नव्हे. जिथे हक्क नसतो तिथे कात्री आधी पोचते.

मात्र सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश लक्षात ठेवा: सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची.

उघडंच_बोलतो

मग संपाचं काय? डिसेंबर २०२३ पासून ५० दिवसांवर संप चालला. तेव्हा ही सगळी मुलं वाऱ्यावर नव्हती का? पगारवाढ झाली की प्रेम परत येतं.

रजिस्टर_नंबर_चार

पगार नव्हे साहेब, मानधन. तो शब्द जपून वापरलाय. पगार म्हटलं की नोकर म्हणावं लागतं, नोकर म्हटलं की निवृत्तिवेतन आलं. केंद्राने सेविकेचा आकडा ऑक्टोबर २०१८ ला ४,५०० केला, त्यातलेही ६० टक्केच केंद्राचे. बाकीची वाढ राज्य आपल्या खिशातून देतं, आणि प्रत्येक वेळी त्यासाठी आझाद मैदान गाठावं लागतं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हेही २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगावं लागलं.

संपाच्या काळात माझ्या जुन्या बीटमधली एक सेविका दिवसा मोर्चाला आणि संध्याकाळी एका कमी वजनाच्या बाळाच्या घरी जायची. रजिस्टरला नोंद नाही, कारण संपावर होती. असं सगळ्याच करत होत्या असं मी म्हणणार नाही. काही जणी घरी बसून मालिका बघत होत्या, तेही पाहिलंय.

उघडंच_बोलतो

तुम्ही प्रामाणिक लिहिता म्हणून वाद घालायला मजा येते. माझं मत थोडं बदलून लिहितो: पैसा घालायचाच असेल तर भाडं आणि बिल वेळेवर द्या आणि शिकवायला वेगळी बाई द्या. नाहीतर अर्धवट चालवू नका. पाकिटांबाबत मात्र मी आणि शेळी ठाम आहोत.

कडुलिंब (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. आज सकाळी मुद्दाम जाऊन आले.

रजिस्टर_नंबर_चार ताई, पैज तुम्ही जिंकलात. तीन महिन्यांचं भाडं सेविकाताईंनी स्वतः दिलंय. घरी सांगितलेलं नाही, म्हणून इथेही याहून जास्त लिहीत नाही.

खोलीत एकोणीस मुलं होती. भिंतीवर आंबा, केळं, मोर, रंग उडालेले. मोराला मुलांनी हात लावून लावून डोकंच उरलेलं नाही. तुळईला वजनकाटा लटकवलेला. मावशींची नात मला ओळखते, पण तिथे तिने ओळख दाखवली नाही. ती तिच्या कामात होती. मसूर आणि हरभरा वेगळे करून दोन वाट्यांत टाकत होती. चुकून एक मसूर हरभऱ्यात गेला तर उचलून परत. मी अर्धा तास बसले तेवढ्यात ती दोनदाच बोलली, दोन्हीदा शेजारच्या मुलाला "तुझं चुकलं" म्हणून.

माझ्या मुलांना या वयात मी ए फॉर ॲपल गिरवायला लावत होते, दोघांची बोटं दुखायची. ते आठवलं.

आता मुद्द्याचं. पर्यायी जागा म्हणून मारुतीच्या देवळाचा सभामंडप द्यायला पुजारी तयार आहेत, पण पावसात तो वाहतो. ग्रामपंचायतीकडून भाड्याचं काही होईल का? सरपंच म्हणतात निधी नाही.

पुढची_तारीख

निधी आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मागच्या दोन वर्षांत त्या १० टक्क्यांतून काय काय घेतलं ते विचारा, लेखी. ग्रामसभेत विषय मांडा, ठराव नोंदवून घ्या. अर्जाची पोच घ्या आणि तिच्यावर शिक्का आहे का ते बघा, नुसती सही चालत नाही.

फडकरी

आमच्याकडं त्या १० टक्क्यांतून दरवर्षी शिलाई मशीन येतात. गावात आता बायकांपेक्षा मशीन जास्त झालीत.

बिनसाखरेचा

कडुलिंब, अर्जाखाली सह्या लागतील तर मी इथून एक पाठवतो. चालत नसेल तरी पाठवतो.

कडुलिंब (धागाकर्ती)

अर्ज रात्री लिहिते. मावशींनी आधीच अंगठा देऊ का म्हणून विचारलंय. त्यांना सही येते, पण "सरकारी कागदावर अंगठाच बरा" म्हणतात.

रजिस्टर_नंबर_चार

अर्ज उद्याही चालेल. आज संध्याकाळी वजनकाटा, रजिस्टरं आणि साठ्यातली डाळ-तांदूळ तुमच्या घरी हलवा, सेविकेकडून यादी करून दोघींच्या सह्या घ्या. खोलीला मालकाचं कुलूप लागलं की ते सामान आत अडकतं आणि मग ते बाहेर काढायला वेगळा पत्रव्यवहार. माझ्या बीटमध्ये एक काटा चौदा महिने अडकला होता.

उघडंच_बोलतो

टेम्पो लागला तर सांगा. कुठलं गाव?